फरशीवरचे पाणी आणि स्नॉर्केलचा प्रश्न

पत्राचा सारांश: नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात राहणाऱ्या, चाळिशीच्या आसपासच्या एका वाचकांकडे २०२२ सालची डिझेलवर चालणारी महिंद्रची थार ही जीपसारखी गाडी आहे. दिंडोरी तालुक्यात त्यांची वडिलोपार्जित द्राक्षबाग असून आठवड्यातून दोन-तीनदा तेथे जाणे होते. बागेच्या अलीकडे ओढ्यावर एक जुनी फरशी, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल, आहे. पावसाळ्यात ती चार-सहा वेळा पाण्याखाली जाते आणि मग चौदा किलोमीटरचा वळसा घ्यावा लागतो. महिन्यातून एखाद्या रविवारी ते मित्रांबरोबर हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या बाजूला गाडी घेऊन जातात. त्या मित्रांच्या पाच गाड्यांपैकी चार गाड्यांना स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला लागणारी हवा टपाच्या उंचीवरून घेणारी नळी, बसवलेला आहे. दुकानदाराने बसवण्यासह सोळा हजार रुपये सांगितले असून त्यासाठी पुढच्या फेंडरला मोठे भोक पाडावे लागणार आहे. वडिलांना चांगल्या गाडीचा पत्रा कापणे मान्य नाही. पत्नीचे म्हणणे असे की, हा स्नॉर्केल नसून पाण्यात शिरण्याचा परवाना आहे. वाचक विचारतात, "एकदाच खर्च करून इंजिन कायमचे सुरक्षित होत असेल, तर त्यात चूक काय?"

उत्तर:

तुमचे पत्र वाचताना "कायमचे सुरक्षित" या शब्दांपाशी मी थांबलो. बाकी पत्रात तुम्ही अंतर, खर्च आणि पाण्याखाली जाण्याचे दिवस मोजून लिहिले आहेत. हे दोन शब्द मात्र न मोजता आले आहेत, आणि निर्णय त्यांच्यावरच उभा आहे. त्यामुळे स्नॉर्केल काय करतो आणि काय करत नाही, हे आधी पाहू.

जे करतो ते खरोखर महत्त्वाचे आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, एवढ्या एका गोष्टीत सगळे आले. तुमच्या २१८४ सीसीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला साधारण ५४६ सीसी येतात. संपीडनाचे, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते त्याचे, प्रमाण सोळास एक धरले, तर पिस्टन अगदी वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर सुमारे ३६ मिलिलिटरच जागा उरते, म्हणजे अर्धा कटिंग चहा. त्याहून जास्त पाणी आत गेले की वर येणाऱ्या पिस्टनला जायला जागाच राहत नाही आणि त्याला खालून ढकलणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. गॅरेजमध्ये यालाच हायड्रोलॉक म्हणतात. त्यानंतरचे बिल पाहिलेल्या माणसाला सोळा हजार रुपये स्वस्त वाटतात, यात नवल नाही. बहुतेक गाड्यांत हवा घेण्याचे तोंड बॉनेटखाली, दिव्यांच्या पातळीच्या आसपास असते. ते टपापर्यंत नेले की या एका वाटेने पाणी आत येण्याची भीती जवळपास संपते.

परंतु पाण्याला गाडीत शिरायला ही एकच वाट असते, हे तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेले आहे. त्याबद्दल माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांची जुनी जीप घेऊन मी पेठच्या बाजूला गेलो होतो आणि एका नाल्यात, साठलेल्या पाण्यात, मांडीभर खोलीत पाच-सात मिनिटे अडकलो. इंजिन एकदाही बंद पडले नाही आणि एअर फिल्टर कोरडा ठणठणीत निघाला. त्या आनंदात मी पुढे काहीच तपासले नाही. दोन महिन्यांनी मागच्या एक्सलमधून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला, तेव्हा मेकॅनिकने डिफरन्शियलचा (डिफचा), म्हणजे चाकांच्या मधल्या तेलाने भरलेल्या गिअरच्या गोळ्याचा, नट सोडला आणि खालच्या पत्र्याच्या डब्यात जे ओघळले ते गिअर ऑइल नव्हते. दूध जास्त पडलेल्या चहासारखे काहीतरी होते. बेअरिंग गेले होते. कारण साधे होते. चालून चालून तापलेला डिफ एकदम गार पाण्यात बुडाला, आतली हवा आकसली आणि आखूड, खाली असलेल्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली हवा ये-जा करणाऱ्या नळीतून, त्याने पाणी ओढून घेतले. त्या जीपला टपावर दोन स्नॉर्केल असते, तरी हे टळले नसते.

डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) यांचे ब्रीदर, अल्टरनेटर, वायरिंगचे जोड, दारांची रबरे या साऱ्या वाटा स्नॉर्केलच्या खाली राहतात. म्हणूनच कंपनी गाडीची पाण्यात जाण्याची मर्यादा ठरवताना फक्त हवेचे तोंड पाहत नाही. थारसाठी ती ६५० मिलिमीटर दिलेली आहे. अठरा इंची चाकांच्या गाडीत याचा अर्थ टायरचा वरचा अर्ध्या-पाऊण वितीएवढा भाग तेवढा पाण्याबाहेर. आता फोर्स गुरखा पाहा. तिला कारखान्यातूनच स्नॉर्केल येतो, त्याचे तोंड टपाजवळ असते, आणि तरीही तिची सांगितलेली मर्यादा ७०० मिलिमीटर आहे. उलट नव्या लँड रोव्हर डिफेंडरला एअर सस्पेन्शनसह ९०० मिलिमीटर मर्यादा आहे आणि तिच्या अंगावर बाहेरून अशी नळी दिसत नाही. नळीची उंची आणि गाडीची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गाड्या बनवणाऱ्यांनीच अशा रीतीने आकड्यांत लिहून ठेवले आहे. बाजारातून स्नॉर्केल आणून लावला म्हणून तुमच्या गाडीचे ६५० चे ७५० होत नाहीत.

येथपर्यंतची चर्चा साठलेल्या पाण्याची झाली. तुमचा खरा प्रश्न फरशीचा आहे, आणि फरशीवरचे पाणी वाहते असते. तेथे इंजिन श्वास कसा घेते याआधी गाडी जमिनीला किती घट्ट टेकून उभी आहे, हे महत्त्वाचे ठरते. ढोबळ हिशेब करू. गाडीच्या प्रवासी भागाचा बंदिस्त तळ साडेतीन चौरस मीटर धरला, तर पाणी त्या तळाच्या वर दर दहा सेंटीमीटर चढले की गाडीचे साडेतीनशे किलो वजन पाणी उचलून धरते. वीस सेंटीमीटरला सातशे किलो. पाणी दारांतून आत झिरपेपर्यंत हे असेच चालते, आणि दारांची रबरे जितकी चांगली तितकी गाडी अधिक तरंगते, ही त्यातली विचित्र गोष्ट. दुसरीकडे प्रवाहाचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. फरशीवर तुमची गाडी प्रवाहाला आडवी असते, म्हणजे चार मीटर लांबीची भिंतच आपण प्रवाहासमोर उभी करतो. सुमारे दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते, असे पुरासंबंधीच्या सूचनांत सांगितले जाते ते यामुळेच. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. तुमच्या गाडीच्या मर्यादेच्या आतच. इंजिन व्यवस्थित चालू असलेली, स्नॉर्केलमधून कोरडी हवा घेणारी गाडीसुद्धा फरशीच्या कडेवरून खाली जाऊ शकते.

शिवाय पाण्याखाली फरशी जागेवर आहे की नाही, हे वरून कळत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल रात्री पुरात गेला आणि एसटीच्या दोन बसेस त्यात गेल्या, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. ओढ्यावरची फरशी त्यापुढे किरकोळ गोष्ट आहे. तिची खालची भरणी दोन पावसाळ्यांत धुपून गेली, तरी उन्हाळ्यात खाली वाकून पाहिल्याशिवाय समजत नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक फसवणूक होते. इगतपुरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि नाशिक शहरात त्याच्या चौथाईच्या आसपास. दिंडोरीत ऊन पडलेले असताना पश्चिमेच्या डोंगरात ढग रिकामे होत असतात. करंजवण, वाघाड, ओझरखेड, पालखेड ही धरणे भरत आली की विसर्ग सुरू होतो आणि खालच्या ओढ्यांचे पाणी पुढे सरकायला जागा न मिळाल्याने मागे तुंबते. सकाळी गुडघ्याखाली असलेले पाणी दुपारी परतताना, मध्ये एक थेंबही न पडता, कमरेला लागू शकते. स्नॉर्केलच्या भरवशावर सकाळी पलीकडे गेलेला माणूस दुपारी त्याच भरवशावर परत निघतो.

तुमच्या पत्नीचे वाक्य मला म्हणूनच तुमच्या दुकानदाराच्या वाक्यापेक्षा अधिक अचूक वाटते. आज पाणी फरशीवर आले की तुम्ही वळसा घेता, कारण मनात धाक आहे. स्नॉर्केल बसल्यावर धाक कमी होईल आणि ज्या धोक्यावर त्याचा काही उपाय चालत नाही, त्याच धोक्यात गाडी अधिक वेळा जाईल. तुम्ही बेजबाबदार आहात असे मी म्हणत नाही. सोळा हजार खर्च केल्यावर माणसाला त्याचा उपयोग झालेला पाहायचा असतो, एवढेच.

मित्रांच्या चार गाड्यांचेही जरा विचारून पाहा. किती वेळा पाणी दिव्यांच्या वर आले होते, आणि एक्सलचे ब्रीदर वर घेतलेले आहेत का, हे दोनच प्रश्न विचारा. पहिल्याचे उत्तर बहुधा हसून दिले जाईल आणि दुसऱ्याला "ते काय असते?" असा प्रतिप्रश्न येईल. स्नॉर्केल लावलेली गाडी रुबाबदार दिसते, हे मीही मान्य करतो. रुबाबासाठी खर्च करण्यात पाप नाही; मात्र तसे असेल तर तो खर्च हौसेच्या खात्यावर लिहावा, सुरक्षिततेच्या खात्यावर नव्हे.

धुळीचा मुद्दा तुम्ही काढलेला नाही, पण दुकानदार काढेल. उन्हाळ्यात सिन्नर, येवला, नांदगावच्या कच्च्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगेत मागे चालताना उंचावरची हवा थोडी स्वच्छ मिळते, हे खरे आहे. रोजच तसे चालणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. महिन्यातून एका रविवारी जाणाऱ्याने एअर फिल्टर वेळेवर बदलला आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखले, तरी काम भागते. स्नॉर्केलमुळे वाऱ्याच्या जोराने इंजिनाची ताकद वाढते असेही सांगतात. आपण चालवतो त्या वेगांना त्यात दखल घ्यावी असे काही नाही.

मग स्नॉर्केल कोणी बसवावा? ज्यांना कामासाठी वरचेवर साठलेल्या किंवा अगदी संथ, ओळखीच्या पाण्यातून लांबवर जावे लागते, ज्यांनी ब्रीदर आणि वायरिंगची व्यवस्था आधी केली आहे, आणि ज्यांच्याजवळ अडकल्यावर ओढून काढणारी दुसरी गाडी असते, अशांना तो जरूर उपयोगी आहे. खड्ड्यात अचानक चाक गेले आणि पाणी बॉनेटवर आले, तर तो इंजिन वाचवतो. त्या क्षणाचे ते साधन आहे. कायम बॉनेटभर पाण्यातून चालण्याचे नव्हे.

हे सगळे वाचूनही तुमचे मन स्नॉर्केलकडेच ओढ घेत असेल, तर निदान तो खरा असू द्या. बाजारात नुसता शोभेचा स्नॉर्केलही मिळतो. तो फेंडरवर चिकटवलेला असतो आणि हवा जुन्याच जागेवरून येते. त्याहून घातक म्हणजे अर्धवट बसवलेला. नळी टपापर्यंत जाते, पण फेंडरच्या आतल्या जोडाला फट असते आणि मालक निर्धास्त असतो. एअर बॉक्सच्या तळाशी पाणी गळून जाण्यासाठी लहानशी रबरी झडप किंवा भोक असते. ते बंद केले नाही, तर बाकी सगळे जोड पक्के असूनही पाणी तेथूनच वर येते. काम झाल्यावर दुकानातच गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून स्नॉर्केलच्या तोंडावर जाड रबराचा सपाट तुकडा दाबून धरायला सांगा. इंजिन गुदमरून बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले, तर हवा दुसरीकडून येते आहे आणि जेथून हवा येते तेथून पाणीही येईल. कापलेल्या पत्र्याच्या कडेला लगेच प्रायमर आणि रंग लावून घ्या, नाहीतर वडिलांचे म्हणणे दोन पावसाळ्यांत गंजाच्या रूपाने खरे ठरेल.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असे फेरफार वाहनात करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कडक अर्थ लावला. नियमबाह्य फेरफाराबद्दल मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२अ मध्ये आहे. नोंदणी पुस्तकात स्नॉर्केलचा रकाना नसतो, हे खरे. म्हणून पत्रा कापण्याआधी आपल्या आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. दाव्याच्या वेळी न कळवलेला फेरफार पुढे आला की वाद तेथेच सुरू होतो. वाढीव वॉरंटी घेतलेली असेल, तर तिच्या अटीही पाहा.

तुमच्या जागी मी असतो, तर ते सोळा हजार वेगळ्या क्रमाने खर्च केले असते. सर्वांत आधी दोन्ही एक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे ब्रीदर रबरी नळ्यांनी बॉनेटखाली उंच जागी आणले असते. हे काम पत्रा न कापता होते आणि स्नॉर्केलच्या तुलनेत किरकोळ पैशांत होते. त्यानंतर विम्याचे कागद काढून इंजिन संरक्षणाचे पूरक कवच आहे का, ते पाहिले असते. बहुतेक मूळ पॉलिसींत पाणी शिरून झालेले इंजिनाचे नुकसान परिणामजन्य म्हणून वगळलेले असते. तुम्ही गंगापूर रोडला राहता. शहरातल्या एखाद्या सखल तळघरात उभी असलेली गाडीही बुडू शकते, आणि तेथे स्नॉर्केल कामाचा नसतो, कवच असते. गाडी ओढायचा एक चांगला टो-पट्टा आणि तो अडकवायच्या दोन कड्या (शॅकल) यांतच बसतील.

आणि खर्च नसलेली, पण सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे पाण्यात गाडी बंद पडली तर चावी पुन्हा फिरवायची नाही. बहुतेक इंजिने पाण्याने जेवढी जात नाहीत, तेवढी त्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाने जातात. गाडी ओढून बाहेर काढावी, ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन फिरवावे, आतले पाणी बाहेर फेकले जाते. साठलेल्या पाण्यातून जायचेच असेल, तर आधी काठीने खोली पाहून, फोर-लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या मंद टप्प्यात, पहिल्या गिअरला, माणूस चालतो त्या वेगाने, मध्ये क्लच न दाबता जावे. नंतर ब्रेक हलके दाबून सुकवावेत, आणि पाणी हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, वर गेले असेल तर त्याच आठवड्यात डिफचे ऑइल पाहावे. माझ्यासारखे दोन महिने थांबू नये.

आता बागेकडे येतो, कारण पत्राच्या मधल्या एका ओळीत तुम्ही लिहिले आहे की फवारणीच्या दिवशी थांबून चालत नाही. मला वाटते, खरी अडचण ती आहे. छाटणीनंतर पाऊस लांबला आणि डाउनी या बुरशीरोगाला पोषक वातावरण झाले की एक दिवस हुकल्याची किंमत कोणत्याही द्राक्ष बागायतदाराला ठाऊक असते, आणि त्या धास्तीत माणूस फरशीवर गाडी घालतो. तेव्हा फवारणीची औषधे आणि ब्लोअरचे (फवारणीयंत्राचे) डिझेल सप्टेंबरच्या सुरुवातीलाच फरशीच्या पलीकडे, बागेतल्या खोलीत कुलूपबंद राहू द्या आणि चावी तेथे राहणाऱ्या गड्याकडे द्या. तुम्ही वळशाने अर्ध्या तासाने उशिरा पोहोचलात, तरी फवारा तोवर सुरू झालेला असेल.

फरशीचे मोजमापही ठरवून टाका. रामकुंडावर आपण पिढ्यान्‌पिढ्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून गोदावरीचे पाणी ओळखत आलो. २००८, २०१६, २०१९ च्या पुरांतही ते कुठवर आले हे नाशिककरांनी एकमेकांना मारुतीच्या गुडघ्या-कमरेवरूनच सांगितले. तुमच्या ओढ्याला मारुती नाही, पण काठावर सिमेंटचा खांब रोवता येईल. मे महिन्यात फरशी उघडी असताना तिची खालची भरणी एकदा पाहून घ्या, खांबावर फरशीच्या पातळीला पांढरा पट्टा मारा आणि तिच्यावर वीतभर उंचीला लाल. पांढरा दिसत असेल तर फरशीने जा. पांढरा बुडाला असेल आणि पाणी वाहते असेल तर वळसा, आणि लाल बुडाला असेल तर त्या दिवशी गड्यानेही पायी ओलांडायचे नाही. सकाळी त्याला फोन करून पट्ट्यांची स्थिती विचारली की गाडी घरून काढण्याआधीच कोणत्या रस्त्याने जायचे ते कळेल.